दत्तक आणि सरोगसीचं काम नव्यानं करताय? आधी रस्ता ठरवा, ड्राफ्टिंग नंतर

डिव्होर्स, पोटगी, कस्टडी अशी मॅटर करता करता कधीतरी एखादं जोडपं केबिनमध्ये येऊन म्हणतं, मॅडम, आम्हाला मूल दत्तक घ्यायचंय, आणि ज्युनिअर लगेच कॉम्प्युटरवर कुणाचंतरी जुनं दत्तकपत्र शोधायला लागतो. तेवढं करू नका. या कामात कायदा तसा थोडका आहे, चार-पाच ॲक्ट आणि त्यांचे रूल्स, बसून वाचले तर होतात वाचून. पण कुठल्या क्लायंटला कुठला कायदा लागतो आणि कुठला कागद कुठल्या कागदाच्या आधी यायला हवा, इथं सगळी मेख आहे. सेकंड ओपिनियनला येणाऱ्या बहुतेक फायलींमध्ये ड्राफ्टिंग व्यवस्थित असतं, भाषा छान असते, फक्त रस्ताच चुकलेला असतो. आणि चुकलेला रस्ता कळतो कधी, तर पासपोर्ट काढताना, शाळेत नाव घालताना, नाहीतर वीस वर्षांनी सातबाऱ्यावरून चुलतभाऊ दावा ठोकतो तेव्हा.

हे महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी लिहितेय. गोव्यात फॅमिली लॉ वेगळा आहे, तिथली फाईल आली तर तिथल्याच वकिलाला सोबत घ्या.

पहिली मीटिंग

पहिला प्रश्न "तुम्ही कोण" हा नको, "मूल कोण" हा हवा. मूल नात्यातलं आहे का, जन्मदाते आई-वडील हयात आहेत का आणि ते स्वतः द्यायला तयार आहेत का. का मूल अजून ठरलेलंच नाही, संस्थेतून घ्यायचंय. का दुसऱ्या लग्नातल्या बायकोचं आधीचं मूल आहे. का मूल अजून जन्मायचंय आणि विषय आयव्हीएफचा किंवा सरोगसीचा आहे. का "एकांनी सांगितलंय" असं मूल आहे. या पाच उत्तरांवर पाच वेगळे रस्ते फुटतात, आणि पाचवा रस्ता थेट पोलीस स्टेशनकडे जातो, त्यावर खाली येतेच.

मग धर्म विचारा, लाजू नका, कायद्यालाच तो लागतो. हिंदू, बौद्ध, जैन, शीख असतील तर १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा उपलब्ध आहे. आपल्याकडे बौद्ध क्लायंट भरपूर असतात आणि त्यांना कुणीतरी उगाच सांगितलेलं असतं की हा कायदा तुम्हाला नाही, तर तो आहे. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी क्लायंटला पूर्वी १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखाली फक्त पालकत्व मिळायचं, आता जेजे ॲक्टखाली (जुवेनाइल जस्टिस, म्हणजे बाल न्याय कायदा) त्यांना पूर्ण दत्तक घेता येतं, आणि सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये शबनम हाश्मी केसमध्ये ते स्पष्ट केलंय.

अजून एक. मीटिंगमध्ये बोलतं कोण ते बघा. पुष्कळदा सासूबाई बोलतात, मोठे दीर बोलतात, नवरा मान हलवतो आणि जिच्या मांडीवर मूल येणार ती बाई चहाच्या कपाकडे बघत बसलेली असते. सगळ्यांना बाहेर बसवून तिच्याशी दहा मिनिटं एकटीशी बोला. कायद्यानं तिची संमती लागते म्हणून तर आहेच, पण तिला खरंच हवंय का हे आपल्याला कळायला हवं. ती नको म्हणाली तर फाईल तिथंच थांबवा, फी गेली तरी चालेल.

"एकांनी सांगितलंय" असं मूल

वाक्य साधारण असं असतं: "आमच्या ओळखीच्या एक सिस्टर आहेत हॉस्पिटलमध्ये, त्या म्हणाल्या एका मुलीला दिवस गेलेत, लग्न झालेलं नाही, घरच्यांना बाळ नकोय, थोडा खर्च येईल पण बर्थ सर्टिफिकेट डायरेक्ट तुमच्याच नावानं निघेल." हे ऐकल्यावर पेन खाली ठेवा. यात ड्राफ्ट करण्यासारखं काही नाही. जेजे ॲक्ट, २०१५ च्या कलम ८० खाली अनाथ, सोडून दिलेलं किंवा सुपूर्द केलेलं मूल ठरलेल्या प्रक्रियेबाहेर दत्तक दिलं-घेतलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख दंड किंवा दोन्ही, आणि कलम ८१ खाली मुलाची खरेदी-विक्री झाली तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड. त्यात हॉस्पिटल किंवा नर्सिंग होमचा माणूस असेल तर शिक्षा किमान ३ आणि कमाल ७ वर्षं. क्लायंट म्हणतो, आम्ही विकत कुठं घेतोय, डिलिव्हरीचा खर्च देतोय. कोर्टात हा फरक टिकत नाही, हे त्याला तिथंच स्पष्ट सांगा. वर आपल्या नावाचं खोटं जन्म प्रमाणपत्र म्हणजे त्या मुलाच्या आयुष्यभराच्या कागदांचा पायाच खोटा.

पण नुसतं "नाही" म्हणून पाठवू नका, नाहीतर ते दुसऱ्या केबिनमध्ये जातील. त्यांना सांगा की त्या मुलीला कायदेशीर वाट आहे. कलम ३५ प्रमाणे ती बाल कल्याण समितीसमोर जाऊन बाळ सुपूर्द करू शकते, तिच्यावर जबरदस्ती नाही ना याची चौकशी होते, समुपदेशन होतं, तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात, आणि तिची ओळख बाहेर फुटत नाही. त्यानंतर मूल दत्तकासाठी कायदेशीर मोकळं ठरतं आणि दत्तकाच्या सरकारी पोर्टलवरच्या यादीतल्या पालकांकडे जातं. हेच मूल याच जोडप्याला मिळेल असं मात्र नाही, आणि नेमकं तेच त्यांना नको असतं. आणि बाळ आधीच यांच्या घरी आणलेलं असेल, किंवा कुठं सापडलेलं असेल, तर मात्र घड्याळ लागलेलं आहे: अशा मुलाला २४ तासांच्या आत समितीसमोर हजर करायचं असतं, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करायचा असतो. आपलं काम इथं त्यांना सोबत घेऊन समितीसमोर जाणं एवढंच.

नात्यातलं मूल आणि दत्तकपत्र

गावाकडचं सगळ्यात जास्त येणारं काम हे. भावाला तीन मुलं, मला एकही नाही, त्याचं धाकटं ओटीत घेतो. हिंदू कायद्याखाली हे कोर्टात न जाताही होतं, म्हणूनच त्यात घोळ जास्त होतात, कारण सगळ्यांना वाटतं बाँड पेपरवर टाईप केलं आणि नोटरीचा शिक्का मारला की झालं.

आधी पात्रता तपासा, आणि कलम ११ पासून सुरुवात करा कारण तिथंच सगळे अडकतात. मुलगा दत्तक घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला स्वतःचा मुलगा, नातू किंवा पणतू (मुलाच्या वंशातला) हयात नको. मुलगी घ्यायची असेल तर स्वतःची मुलगी किंवा मुलाची मुलगी नको. म्हणजे ज्याला एक मुलगी आहे आणि बहिणीची मुलगीही घ्यायचीय, त्याला या कायद्याखाली ती घेता येत नाही, कितीही प्रेम असू दे. त्याला जेजे ॲक्टचा रस्ता दाखवा, तिथं ही अट नाही. दत्तक घेणारा पुरुष आणि मुलगी, किंवा घेणारी स्त्री आणि मुलगा असेल तर वयात किमान २१ वर्षांचं अंतर लागतं. मूल अविवाहित आणि १५ वर्षांच्या आतलं हवं, पण प्रथा असेल तर अपवाद आहे, आणि जुन्या मुंबई इलाख्यात मोठ्या वयाचा, लग्न झालेला माणूससुद्धा दत्तक घेण्याची प्रथा कोर्टांनी मान्य केलेली आहे. पंचेचाळीस वर्षांचा पुतण्या दत्तक गेलेला तुम्ही ऐकला असेल तो यामुळेच. तरी अशा दत्तकपत्रात प्रथेचा उल्लेख स्पष्ट शब्दांत करा, पुढं वाद झाला की तोच परिच्छेद पहिला वाचला जातो.

देणारे कोण, हेही तितकंच महत्त्वाचं. २०१० च्या दुरुस्तीनंतर आई आणि वडील दोघांनाही मूल दत्तक द्यायचा सारखा हक्क आहे, पण दुसऱ्याच्या संमतीनं. घटस्फोट झालाय, कस्टडी आईकडे आहे, वडील कधी फिरकले नाहीत, तरीही त्यांची संमती टळत नाही. ती फक्त संन्यास घेतला, धर्म सोडला किंवा कोर्टानं मनोरुग्ण ठरवलं तरच टळते. दोन्ही आई-वडील वारलेत आणि आजोबा मूल द्यायला निघालेत, अशी फाईल आली तर थांबा. आजोबा जन्मदाते नाहीत, ते गार्डियन म्हणून देणार, आणि गार्डियनला कलम ९(४) प्रमाणे कोर्टाची परवानगी आधी घ्यावी लागते. कोविडनंतर असली दत्तकपत्रं परवानगीशिवाय बरीच झाली, त्यातली काही आता निस्तरायला येतायत.

आता प्रत्यक्ष दत्तकपत्र. कागदामुळं दत्तक होत नाही. मूल खरोखर दिलं-घेतलं जातं तेव्हा ते होतं, आणि कागद त्याची नोंद असतो. दत्तहोम, म्हणजे दत्तकाचा धार्मिक विधी, कायद्यानं सक्तीचा नाही, पण देण्या-घेण्याचा प्रसंग सक्तीचा आहे. म्हणून क्लायंटला सांगा की आधी घरी छोटा कार्यक्रम करा, आईनं मूल उचलून घेणारीच्या ओटीत घालावं, त्याचे फोटो काढा, चार नातेवाईक बोलवा, भटजी असतील तर त्यांचं नाव-गाव लिहून घ्या. बौद्ध घरात वंदना घेऊन करतात, तेही चालतं, प्रसंग घडायला हवा एवढंच. मग दत्तकपत्रात ती तारीख, वेळ, ठिकाण, हजर माणसं, मुलाची जन्मतारीख, देणाऱ्या दोघांची आणि घेणाऱ्या दोघांची नावं, बायकोची संमती, घेणाऱ्याला त्या प्रकारचं अपत्य नसल्याचं विधान, आणि पैशाचा काही व्यवहार नसल्याचं विधान. शेवटचं नुसतं लिहिण्यापुरतं नाही, कलम १७ प्रमाणे पैसे देणं-घेणं गुन्हा आहे. मग दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करा. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, तरी कराच, कारण देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्यांचं रजिस्टर दत्तकपत्र असेल तरच कलम १६ खाली कोर्ट दत्तक वैध धरून चालतं आणि खोडून काढायची जबाबदारी समोरच्यावर जाते. नोटरीवाल्या कागदाला ही सोय नाही.

आणि जमिनीबद्दल मोकळेपणानं बोला, कारण मोठ्या माणसांची निम्मी दत्तकं तरी जमिनीसाठीच असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दत्तक मुलानं आधीपासून कुणाच्या नावावर झालेली इस्टेट हिरावली जात नाही, हे कलम १२ मध्ये आहे. दत्तक घेतल्यावरही बाप मृत्युपत्र करून इस्टेट दुसऱ्याला देऊ शकतो, हे कलम १३ मध्ये. आणि एकदा वैध दत्तक झालं की ते रद्द होत नाही, पुतण्या सांभाळत नाही म्हणून दत्तकपत्र मोडता येत नाही, हे कलम १५ मध्ये. ही तीन कलमं क्लायंटला मराठीत समजावून सांगा आणि समजावल्याचं फाईलमध्ये लिहून ठेवा.

नात्यातलं मूल, पण जेजे ॲक्टखाली

धर्म वेगळा असेल, कलम ११ आडवं येत असेल, किंवा सावत्र बापाला बायकोचं मूल आपल्या नावावर घ्यायचं असेल तर हा रस्ता. इथं कॅरिंग्ज या दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा अहवाल, जन्मदात्यांची संमती, मूल पाच वर्षांपेक्षा मोठं असेल तर त्याचीही संमती, आणि शेवटी आदेश.

यात "नातेवाईक" कोण ते कायद्यानंच ठरवलंय: काका, आत्या, मामा, मावशी, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलतभावाचं मूल, मामेबहिणीचं मूल यात बसत नाही. आपल्याकडे चुलतभाऊ म्हणजे सख्खाच, पण पोर्टलला ते पटत नाही, त्यामुळे वंशावळ पहिल्याच दिवशी कागदावर काढून घ्या.

इथं जुनाट विचारांशीही गाठ पडते. भुसावळच्या कोर्टानं एका घटस्फोटित शिक्षिकेला बहिणीचं मूल दत्तक घ्यायला नाकारलं होतं, कारण काय तर ती नोकरी करते, मुलाकडे लक्ष देऊ शकणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टात न्या. गौरी गोडसे यांनी तो आदेश रद्द केला. एकट्या बाईची फाईल असेल तर हा निकाल सोबत ठेवाच.

आणि अमेरिकेतल्या भाच्याचं काय, हा प्रश्न पुण्यात हमखास येतो. मूल तिकडं जन्मलेलं, पासपोर्ट अमेरिकन, इथल्या मावशी-काकांना दत्तक घ्यायचंय. २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं अशाच केसमध्ये नकार दिला, परदेशी नागरिकत्व असलेल्या मुलाला जेजे ॲक्ट असा लागू होत नाही आणि त्याचं दत्तक आधी त्या देशाच्या कायद्यानं व्हायला हवं, असा सूर होता. तेव्हा क्लायंटला तिकडचा वकील आधी गाठायला सांगा.

संस्थेतून दत्तक: इथं आपलं काम कमी आहे

हे क्लायंटला प्रामाणिकपणे सांगा. कारामार्फत (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण) दत्तक घ्यायला वकील लागतोच असं नाही, नोंदणी पालक स्वतः ऑनलाईन करतात, गृहभेटीचा अहवाल संस्थेची सोशल वर्कर करते, पुढचा अर्जही संस्थाच तयार करते. तुम्ही तासाभराचा सल्ला द्या, त्याची फी घ्या, विषय संपला. या सल्ल्यात काय सांगायचं: लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही, मूल आणि प्रत्येक पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. २०२२ च्या दत्तक विनियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठ ते अठरासाठी ११०; एकट्या पालकाला याच क्रमानं ४०, ४५, ५० आणि ५५. मुलाची माहिती आली की ४८ तासांत होकार कळवून मूल राखून ठेवायचं असतं, त्यामुळे फोन बंद करून गावी जाऊ नका म्हणावं. प्रतीक्षा काही वर्षांची असते, यादी लांब आहे आणि बाळं कमी. फी ठरलेली आणि पावतीची, त्यापलीकडं कुणी देणगी मागितली तर तुम्हाला कळवायला सांगा.

वकिलाची गरज पडते ती अडल्यावर. पूर्वी आदेश कोर्ट द्यायचं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ सप्टेंबर २०२२ पासून, तो जिल्हाधिकारी जिल्हा दंडाधिकारी म्हणून देतात, आणि त्यावर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील असतं. मुंबई हायकोर्टात या बदलाला आव्हान दिलं गेलं आणि जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश झाला, म्हणून जुनी अडकलेली फाईल आली तर तो आदेश आणि त्यानंतरचं काय ते आधी काढून वाचा. कलेक्टर ऑफिसात या फायली जमिनीच्या, निवडणुकीच्या फायलींच्या गर्दीत असतात. दोन महिन्यांत निकाल द्यायचा नियम आहे, त्याची लेखी आठवण नम्रपणे देत राहणं हेसुद्धा वकिलीच आहे.

सरोगसी: क्रम मोडला की संपलं

सरोगसी कायदा आणि एआरटी कायदा (आयव्हीएफसारख्या सहाय्यक प्रजनन तंत्रांचा), दोन्ही २०२१ चे, दोन्ही २५ जानेवारी २०२२ पासून लागू. त्याआधीचे कमर्शियल सरोगसीचे करार, एजंट, ठरलेली रक्कम, ते सगळं विसरा. आता कमर्शियल सरोगसीला १० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र. सरोगेटला औषधोपचाराचा खर्च, विमा आणि नियमात दिलेला खर्च, एवढंच देता येतं.

आधी पात्रता. जोडपं भारतीय, विवाहित, बायको २३ ते ५०, नवरा २६ ते ५५, हयात मूल नको (गंभीर आजार किंवा अपंगत्व असलेल्या मुलाचा अपवाद आहे). एकटी बाई असेल तर विधवा किंवा घटस्फोटित, ३५ ते ४५. अविवाहित बाई, एकटा पुरुष, लिव्ह-इन जोडपं, समलिंगी जोडपं यांना हा कायदा दार उघडत नाही, मला ते पटत नाही पण फाईल घेताना हे सांगावंच लागतं. आणि वय मोजतात ते सर्टिफिकेटच्या दिवशी, अर्जाच्या नाही. बायको एकोणपन्नास पूर्ण असेल तर बाकीची कामं बाजूला ठेवून ही फाईल आधी पळवा.

मग क्रम असा. जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून सरोगसीची वैद्यकीय गरज असल्याचं प्रमाणपत्र. मग प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जन्मणाऱ्या मुलाच्या पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश, हा अर्ज जोडपं आणि सरोगेट मिळून करतात. मग सरोगेटसाठी ३६ महिन्यांचा विमा आणि त्याचं शपथपत्र. मग या कायद्याखाली नेमलेल्या समुचित प्राधिकाऱ्याकडून जोडप्याचं आणि सरोगेटचं पात्रता प्रमाणपत्र. हे सगळं हातात आल्यावर क्लिनिकनं प्रक्रिया सुरू करायची. क्लिनिकवाले म्हणतात, आम्ही सायकल सुरू करतो, कागद मागून येऊ द्या. तिथं वकिलानं हात आडवा घालायचा असतो.

मॅजिस्ट्रेटपुढच्या अर्जाला जरा जपा. सगळ्याच कोर्टांना हे अर्ज रोजचे नसतात, म्हणून ॲक्ट आणि रूल्सची प्रत अर्जालाच जोडा आणि संबंधित कलमावर खूण करून द्या. अर्जात जोडप्याची लग्नाची तारीख, वैद्यकीय प्रमाणपत्राचा उल्लेख, सरोगेटचं वय, तिचं लग्न आणि तिचं स्वतःचं मूल असल्याचा पुरावा, ती स्वखुशीनं आणि मोबदल्याशिवाय तयार असल्याचं विधान. हाच आदेश बाळ जन्मल्यावर जन्माचं शपथपत्र म्हणून चालतो, म्हणजे नावात एक वेलांटी चुकली तर ती थेट जन्म दाखल्यात उतरते. आधार, पॅन, विवाह प्रमाणपत्र तिन्हींवरची नावं जुळवूनच टाईप करा.

सरोगेट २५ ते ३५ वयाची, विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली, आणि आयुष्यात एकदाच. तिचं बीज वापरता येत नाही. तिची संमती तिला कळणाऱ्या भाषेत हवी, आणि भ्रूण गर्भाशयात सोडायच्या आधीपर्यंत ती मागं फिरू शकते. माझं ठाम मत आहे की तिच्यासाठी वेगळा वकील असावा. जोडप्याची फी घेऊन तिलाही आपणच समजावायचं, हे मला योग्य वाटत नाही. ती बहुतेक वेळा नात्यातलीच असते, घरातल्या दडपणाखाली हो म्हणालेली असू शकते, आणि ते जोडप्याच्या वकिलाला ती सांगणार नाही.

डोनरचा प्रश्न आला तर नियमांची तारीख बघून बोला. मार्च २०२३ मध्ये डोनरचं बीज बंद केलं होतं, २१ फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती करून जोडप्यातल्या एकाला वैद्यकीय अडचण असेल आणि जिल्हा मंडळानं तसं प्रमाणित केलं तर एक बीज डोनरचं घेता येईल असं केलं, दुसरं मात्र त्या दोघांपैकीच कुणाचंतरी हवं. विधवा किंवा घटस्फोटित बाईला स्वतःचंच बीज वापरावं लागतं. नेटवर जुने लेख अजून फिरतायत, त्यावर जाऊ नका. आणि वय उलटून गेलेलं जोडपं आलं तर लगेच परत पाठवू नका, त्यांनी एम्ब्रियो (भ्रूण) कधी फ्रीज केले ते विचारा. कायदा लागू व्हायच्या आधी एम्ब्रियो फ्रीज करून प्रक्रिया सुरू केलेल्या जोडप्यांना वयाची अट मागं जाऊन लावता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हटलंय. क्लिनिकच्या रेकॉर्डवरची तारीख म्हणजे इथं सगळी केस.

आयव्हीएफ आणि डोनर

एआरटी कायद्याखालची बरीच कामं क्लिनिक आणि डोनरचं बीज पुरवणाऱ्या बँकेची असतात, आपल्याकडे येतात ते वाद आणि संमतीपत्रं. बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५. स्त्रीबीज देणारी २३ ते ३५, आयुष्यात एकदाच, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. डोनर नोंदणीकृत बँकेमार्फतच येतो. एम्ब्रियो दहा वर्षांपर्यंतच ठेवता येतात, म्हणून नवरा-बायकोत बिनसलं किंवा एकजण गेला तर त्या एम्ब्रियोंचं काय, हे सही करायच्या आधी दोघांना विचारायला लावा, नंतर फार अवघड होतं.

घरातल्या डोनरवरून काय होतं त्याचं उदाहरण ऑगस्ट २०२४ चं आहे. बहिणीनं बीज दिलं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या, पुढं नवरा-बायको वेगळे झाले आणि मुली बाप आणि मावशीकडे राहिल्या, आणि बाजू अशी मांडली गेली की बीज मावशीचं म्हणून आई तीच. मुंबई हायकोर्टात न्या. मिलिंद जाधव यांनी ते मानलं नाही, बीज दिल्यानं डोनर आई होत नाही म्हणाले, आणि खऱ्या आईला मुलींना भेटायचा हक्क दिला. मुली जन्मल्या २०१९ मध्ये, म्हणजे आताचा कायदा यायच्या आधी, तरी निकाल वाचण्यासारखा आहे.

फी, गुप्तता आणि नंतरची कागदं

एजंट किंवा क्लिनिककडून क्लायंट मागं कमिशन घ्यायचं नाही, द्यायचंही नाही. या कामात ते नुसतं गैरवर्तन राहत नाही, गुन्ह्यात आरोपी म्हणून नाव यायला तेवढं पुरतं. मुलाची ओळख जाहीर करणं जेजे ॲक्टच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, तेव्हा आदेश मिळाल्याच्या आनंदात बाळासोबतचा फोटो स्टेटसला टाकू नका, क्लायंटनं टाकायला सांगितला तरी. फाईलच्या कव्हरवर पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं लिहायची सवय लावा, क्लार्कलाही लावा.

संस्थेतून आलेलं मूल अठरा झाल्यावर स्वतःच्या मुळांचा शोध घ्यायला अर्ज करू शकतं, हे पालकांना आदेशाच्या दिवशीच सांगा, त्यांना आवडत नाही तरी सांगा. मुलाला लपवून ठेवायचा सल्ला कधी देऊ नका, शेजारची एखादी काकू ते सांगतेच.

आदेश आला की लगेच जन्म दाखला, मग आधार, मग पासपोर्ट. या क्रमात नाव, जन्मतारीख आणि पालकांची नावं प्रत्येक ठिकाणी अक्षर न् अक्षर सारखी आहेत का ते तुम्ही स्वतः तपासा, क्लायंटवर सोडू नका. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत रजिस्टर दत्तकपत्र बघून कर्मचारी कोर्टाचा आदेश आणा म्हणाला, तर वाद न घालता त्याला नकार लेखी मागा, बऱ्याचदा तिथंच काम होतं. आणि दत्तकपत्र असो वा आदेश, सर्टिफाइड कॉप्या सुरुवातीलाच तीन-चार काढून घ्या, एक क्लायंटकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक तुमच्या फाईलमध्ये. पंधरा वर्षांनी मूल व्हिसाच्या रांगेत उभं असताना नवी कॉपी काढायला गेलात तर रेकॉर्ड रूमवाला आधी वर्ष आणि नंबर विचारतो, आणि तो कुणाच्याच लक्षात नसतो.